नाशकातले बंद पियानो आणि माझं एक संथ गाणं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत सुट्टीतल्या क्लासेसची पानभर माहिती आली होती. त्यात कीबोर्ड-पियानोचेही बरेच क्लास होते, कॉलेजरोड, गंगापूररोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड सगळीकडचे, आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, महिन्याभरात दहा गाणी, वयोगट सहा ते सोळा. ते वाचलं आणि दुपारी दुकान बंद असताना हे पत्र लिहायला बसले. मी ५३ वर्षांची आहे, मेनरोडला आमचं साडीचे फॉल, अस्तर, लेस, बटणं असं दुकान आहे, आणि गेले चौदा महिने मी पियानोवर एकच गाणं शिकतेय. ते अजून पूर्ण झालेलं नाही आणि मला त्याचं काही वाईट पण वाटत नाही, पण ह्या चौदा महिन्यांत जे कळलं ते कुणीतरी लिहायला हवं असं वाटतं, म्हणून हा पसारा.

पियानो मुळात लेकीचा. डिजिटल आहे पण ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा, परीक्षांसाठी घेतलेला. ती दहावीपर्यंत शिकली, ग्रेडच्या परीक्षा दिल्या, मग शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि पियानो हॉलमध्ये चादर घालून राहिला. मी त्याच्यावरची धूळ पुसायचे. घरात पेटी आधीपासून होती, माझे वडील पंचवटीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे, मी त्यांच्या शेजारी बसून शिकले, म्हणजे सूर कळतात, हात चालतो. तर एकदा पुसता पुसता चालू केला आणि सुटलंच नाही मग.

क्लास शोधायला गेले तेव्हा एका ठिकाणी सांगितलं की काकू आम्ही मोठ्यांना घेत नाही, दुसरीकडे म्हणाले घेऊ पण मुलांच्या बॅचमध्ये बसावं लागेल. बसले मी. दीड महिना बसले, सात-आठ वर्षांच्या मुलांमध्ये, मुलं गोड होती, त्यांचं काही नाही. पण तिथे सगळा भर एकाच गोष्टीवर, किती फास्ट येतं. गाणं बरोबर आलं की लगेच स्पीड वाढवा, स्पीड आला की पुढचं गाणं. मी एकदा विचारलं की हेच जरा संथ वाजवून बघू का, तर उत्तर आलं, संथ तर कुणालाही येतं. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. ज्या पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम काढला, ज्या गावात विलंबित ख्याल ऐकायला लोक रात्ररात्र बसायचे, तिथे कुणी म्हणावं की संथ कुणालाही येतं?

नंतर ओळखीतून देवळाली कॅम्पला एक सर भेटले. मूळ गोव्याचे, तरुणपणी मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये पियानो वाजवायचे, आता वय झालंय, नाव छापू नका म्हणाले म्हणून लिहीत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाजवायचंय, मी म्हटलं संथ काहीतरी. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, मग बॅलड शिका, पण घाई करायची नाही हां, कबूल?

बॅलड म्हटलं की आपल्याला पोवाडा आठवतो, शाळेत तसंच शिकलो आपण. जॅझवाले, म्हणजे अमेरिकेतून आलेलं ते संगीत वाजवणारे, मात्र संथ लयीतल्या प्रेमगीताला बॅलड म्हणतात. त्यातली कितीतरी गाणी अमेरिकेत १९२० ते १९६० च्या दरम्यान नाटकांसाठी, सिनेमांसाठी लिहिली गेली आणि मग जॅझ वाजवणाऱ्यांनी ती आपल्या हाताखाली घेतली. बहुतेकांचा साचा एकच, ३२ बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा), आठ-आठ बारचे चार तुकडे, पहिला तुकडा, पुन्हा तोच, मग तिसरा वेगळा आणि शेवटी परत पहिला. आपल्याला हे समजायला काही अवघड नाही, स्थायी, स्थायी, अंतरा, स्थायी. लय धरली मिनिटाला ६० मात्रांची, म्हणजे घड्याळाच्या सेकंदाची, तर ३२ बारचे १२८ ठोके होतात, म्हणजे एक आवर्तन २ मिनिटं ८ सेकंदांचं. एवढंच गाणं. दोनदा वाजवलं की सव्वाचार मिनिटांत संपलं. ह्याच सव्वाचार मिनिटांसाठी माझे चौदा महिने गेलेत.

का लागतात एवढे महिने, ते सांगते, कारण हे मला पेटीमुळे कळलं. पेटीला भाता आहे. भाता चालू आहे तोवर सूर उभा राहतो, दोन मात्रा थांबा नाहीतर आठ मात्रा थांबा. पियानोत तसं नाही, पट्टी दाबली की आत हातोडी तारेला लागते आणि त्या क्षणापासून सूर मरायला लागतो. जलद गाण्यात हे कळतच नाही कारण पुढचा सूर लगेच येतो, पण संथ गाण्यात लांब सूर धरायचा असतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत तो विरत जातो, तुम्ही काहीही करू शकत नाही, पट्टी कितीही जोरात दाबून ठेवा. म्हणून संथ वाजवणं अवघड. तो सूर विरत असताना खाली, मध्ये, आतल्या आवाजांत काहीतरी हलत ठेवावं लागतं म्हणजे कानाला वाटतं सूर अजून आहे. बँड असेल तर बास आणि ड्रम सांभाळून घेतात. एकट्या पियानोवर ते सगळं दहा बोटांनी आणि एका पायाने करायचं.

मी जे गाणं शिकतेय त्याचं नाव ‘मिस्टी’. एरॉल गार्नर नावाच्या पियानिस्टने १९५४ मध्ये केलेलं, आधी नुसती धून होती, शब्द नंतर आले. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की गार्नरला नोटेशन वाचता येत नव्हतं, आयुष्यभर नाही. सगळं कानावर. हे सरांनी सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन वडिलांच्या फोटोसमोर दोन मिनिटं उभी राहिले, कारण त्यांना पण नोटेशन येत नव्हतं आणि ते आयुष्यभर जरा खाली मान घालून सांगायचे की आपलं काही शास्त्रशुद्ध नाही.

ह्या गाण्याची सुरुवात कशी आहे बघा. ई फ्लॅट नावाच्या काळ्या पट्टीला सा धरला तर पहिले तीन सूर येतात प, ग, नी. नी शुद्ध, आणि त्या नी वर थांबायचं. डाव्या हाताला खाली सा वाजतोय आणि वर नी धरून थांबायचं! भजनात वाढलेल्या कानाला नी म्हणजे उंबरठा, तिथून सा च्या घरात जायचंच असतं, आमच्या वडिलांनी नी वर गाणं सोडलं असतं तर मंडळातल्या बायका उठून गेल्या असत्या. पहिला महिनाभर माझं बोट आपोआप सा कडे सरकायचं. सर काही बोलायचे नाहीत, फक्त बोटाने नी दाखवायचे. आणि मग एक दिवस, दुपारची वेळ, हेडफोन लावलेले, मी नी वर थांबले आणि तो सूर विरेपर्यंत ऐकला, आणि पहिल्यांदा मला सा नको वाटला. असं काही पोटात हललं म्हणून सांगू. उंबरठ्यावरच बसून राहावं, आत पण जाऊ नये आणि बाहेर पण, ती संध्याकाळची वेळ असते ना, तसं.

पुढे तर अजून मजा आहे. दुसऱ्याच बारमध्ये शुद्ध नी जातो आणि कॉर्डमध्ये, म्हणजे खाली एकत्र वाजणाऱ्या तीन-चार सुरांमध्ये, कोमल नी येतो, तो दोन कॉर्ड तसाच राहतो आणि तिसऱ्या बारमध्ये म ची, म्हणजे म वर उभी असलेली, कॉर्ड आली की अलगद खाली ध वर उतरतो. म्हणजे दोन्ही नी, आणि कोमल नी उतरताना ध कडे. मी सरांना म्हटलं, सर हा तर खमाज! खमाजात दोन्ही नी असतात, चढताना शुद्ध, उतरताना कोमल. आता हे गाणं काही खमाज नाही, राग आणि कॉर्ड ह्या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कळतं, पण माझ्या कानाला घरात शिरायला ते एक दार सापडलं. कुठल्याही पुस्तकातून हे दार सापडलं नसतं. म्हणून मला कळकळीने वाटतं की ज्यांचे कान पेटी-तबल्यावर घडलेत त्या मोठ्या माणसांना क्लासवाल्यांनी परत फिरवू नये, आमच्याकडे काही नाही असं नाहीये, आम्ही घेऊन येतो ते उघडून बघणारा मास्तर पाहिजे फक्त.

कॉर्डचं पण सांगते. मी आधी दोन्ही हातांनी चार-चार बोटांच्या भरगच्च कॉर्ड दाबायचे आणि सगळा गिचका व्हायचा. सरांनी सगळं काढून टाकायला लावलं. डाव्या हाताला फक्त दोन सूर, कॉर्डचा मूळ सूर आणि त्याच्यापासून सातवा, उजव्या हाताला वर गाण्याचा सूर आणि त्याच्या खाली कॉर्डचा तिसरा. बस. ह्याला शेल म्हणतात. तिसरा आणि सातवा एवढे दोन कळले की कॉर्ड कुठली ते कानाला कळतं, बाकीचे सूर भरतीचे. सी नावाच्या पांढऱ्या पट्टीला सा धरून बघा, पहिली कॉर्ड रे ची, दुसरी प ची, तिसरी सा ची, जॅझमध्ये ही तिकडी जागोजागी येते. रे च्या कॉर्डमध्ये आपले दोन सूर म आणि सा. प च्या कॉर्डवर जाताना म जागचा हलत नाही, सा फक्त एक पाऊल उतरून नी होतो. मग सा च्या कॉर्डवर जाताना नी जागच्या जागी राहतो आणि म एक पाऊल उतरून ग होतो. एक थांबतो, एक उतरतो, मग दुसरा थांबतो आणि पहिला उतरतो. मी हे दुकानात काउंटरवर बोटांनी करत बसते. आमच्या धंद्यात आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो की ताई, ब्लाउजचं बाहेरचं कापड कितीही भारी घ्या, अस्तर नीट नसेल तर बसणार नाही. शेल म्हणजे ते अस्तर.

आणि पाय. पियानोला पायाशी पेडल असतं, ते दाबून ठेवलं की बोट उचललं तरी सूर वाजत राहतात. शिलाई मशीनवर माझं आयुष्य गेलंय, पाय आणि हात बरोबर चालवायची सवय, आणि इथे उलटं. नवीन कॉर्डसाठी हात खाली जातो त्याच क्षणी पाय वर यायला पाहिजे, म्हणजे जुने सूर पुसले जातात, आणि लगेच परत खाली, म्हणजे नवीन धरले जातात. पाय जरा उशिरा उचलला तर दोन कॉर्ड एकमेकीत कालवतात, लवकर उचलला तर मध्ये भोक पडतं. त्याला मला पाच महिने लागले. माझा हात लहान आहे, सा पासून वरच्या ग पर्यंत डावा हात पोचत नाही, तर सरांनी सांगितलं, खालचा आधी वाजवा, पायाने धरा, मग हात उचलून वरचा वाजवा, घाई कसली आहे, संथ गाणंच आहे ना. ते ऐकायला इतकं सुंदर लागतं, तंबोऱ्याच्या तारा एकेक छेडल्यासारखं.

एक मात्र मला ठामपणे सांगायचंय. हे परक्यांचं संगीत आहे, आपल्याला काय त्याचं, असं मला दोघातिघांनी सुनावलं. टेडी वेदरफर्ड नावाचा अमेरिकन पियानिस्ट १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायचा, नंतर तो कलकत्त्याला गेला आणि १९४५ मध्ये तिथेच वारला. गोव्याचे कितीतरी वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवायचे आणि दिवसा फिल्मच्या रेकॉर्डिंगला बसायचे, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, ही खरी माणसं. आपल्या आईवडिलांनी रेडिओवर जी जुनी हिंदी गाणी ऐकली त्यांच्या मागे ह्याच लोकांनी बसवलेले सूर आहेत. १९५८ ला डेव्ह ब्रुबेक भारतात येऊन गेला, १९६३ ला ड्यूक एलिंग्टन, आणि १९७८ पासून मुंबईत जॅझ यात्रा भरायला लागली. म्हणजे हे सूर आपल्या कानावरून तीन पिढ्या वाहिलेत, फक्त कुणी नाव घेऊन ओळख करून दिली नाही. मुंबई नाशकापासून चार तासांवर, तिथून आपल्याकडे वडापाव आला, हे का नाही आलं?

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहितेय.

डिजिटल पियानो चांगला आहे, पहाटे हेडफोन लावून कुणाला त्रास न देता वाजवता येतं, माझ्यासारखीला तोच परवडतो. पण खऱ्या पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, मिळून कित्येक टनांचा ताण असतो, आणि पेडल दाबलं की न वाजवलेल्या तारा पण वाजलेल्या तारांबरोबर गुणगुणायला लागतात. बॅलडला तेच पाहिजे असतं. सर म्हणाले, एकदा तरी खऱ्यावर वाजवा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. सरांकडे स्वतःकडे आता खरा नाही, जागा लहान म्हणून विकावा लागला.

मी शोधायला लागले. आपल्या शहरात खरे पियानो आहेत हो, शाळांमध्ये आहेत, हॉलमध्ये आहेत, काही जुन्या बंगल्यांत आहेत. एका सभागृहात आहे असं कळलं, नाव लिहीत नाही कारण कुणाला दोष द्यायचा नाहीये. तीनदा गेले. पहिल्यांदा चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर, दुसऱ्यांदा अर्ज द्या म्हणाले, दिला, तिसऱ्यांदा अर्ज सापडत नव्हता, पण तिथल्या एका मावशींना दया आली आणि त्यांनी पियानोच्या झाकणाचं कुलूप मुळात लागतच नाही असं हळूच सांगितलं. वर खुर्च्यांच्या गाद्यांची चळत होती, आम्ही दोघींनी उतरवली. झाकण उघडलं. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, मधल्या सप्तकातला एक सूर दाबला की खालीच राहायचा, बोटाने वर ओढावा लागायचा, आणि बाकीचे सगळे सूर एकमेकांशी भांडणारे. सप्टेंबर होता. पाऊस आणि दमट हवेने आतलं लाकूड फुगतं, तारा ताणल्या जातात, सूर चढतो, उन्हाळ्यात लाकूड सुकलं की उतरतो, आणि सगळ्या तारा सारख्या चढत-उतरत नाहीत म्हणून बेसूर होतो. वर्षातून निदान दोनदा ट्यूनिंग लागतं. ह्याला किती वर्षं हात लागला नसेल देव जाणे.

तरी मी वाजवलं. प, ग, नी. नी वर थांबले, पेडल दाबलेलं. त्या बेसुर पियानोतून सुद्धा जो गुणगुणाट उठला तो मी अजून विसरलेली नाही, छातीला लागत होता, कानाला नुसता नव्हे. सा कडे जायची आठवणसुद्धा आली नाही. मावशी झाडू धरून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, ताई परत वाजवा ना. परत वाजवलं. मग वॉचमन आला आणि आम्ही गाद्या परत वर चढवल्या.

तर माझी विनंती अशी आहे. ज्या संस्थांकडे पियानो आहे त्यांनी पावसाळा संपला की एकदा ट्यूनर बोलवावा, इथे कुणी नसेल तर मुंबईहून येतो, आणि आठवड्यातून दोन तास, फक्त दोन तास, नाव लिहून घेऊन शिकणाऱ्यांना बसू द्यावं, पाहिजे तर पन्नास-शंभर रुपये घ्यावेत, ट्यूनिंगच्या खर्चाला हातभार लागेल. पियानो वाजवल्याने खराब होत नाही, खुर्च्यांच्या गाद्या ठेवल्याने होतो. क्लासवाल्यांनी मोठ्यांसाठी एक बॅच काढावी, दुपारची, आमच्यासारखे दुकानदार, रिटायर्ड माणसं, घरी असणाऱ्या बायका येतील, आणि त्या बॅचला दहा गाण्यांचं आश्वासन देऊ नये, एकच द्यावं आणि ते नीट संथ शिकवावं, शेल, पेडल, लांब सूर कसा सांभाळायचा ते. लहान मुलांना पण शिकवा हे, माझी लेक एवढ्या ग्रेड पास झाली पण परवा दिवाळीत आली तेव्हा मी वाजवलेलं ऐकून म्हणाली, आई हे मला कुणी शिकवलंच नाही. तेव्हा तिच्या शेजारी बसून मी तिला ते म आणि सा, मग म आणि नी, मग ग आणि नी दाखवलं. रात्रीचे अकरा वाजले होते, तिने सहा-सात वेळा वाजवून बघितलं, हेडफोनची एक बाजू तिच्या कानाला आणि एक माझ्या.

आणि तुमच्या वर्तमानपत्राकडून एवढीच अपेक्षा आहे की पुढच्या वेळी क्लासेसची यादी छापाल तेव्हा शेजारी छोटी चौकट करून विचारा की नाशकात कुठे कुठे पियानो आहेत आणि त्यांच्या चाव्या कुणाकडे आहेत. लोक कळवतील. माझं दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं, तेव्हा मी मोकळी असते, मंगळवार सोडून, मंगळवारी मी देवळालीला सरांकडे असते. गाद्या उतरवायला पण मी येईन.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक